अंटार्क्टिकाला जाण्याआधी काय करावं आणि परत येऊन काय बोलावं?

पागोळी

पुढच्या हंगामात दक्षिण जॉर्जिया बेट आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प असा जहाजाचा प्रवास ठरतो आहे. आम्ही दोघं जाणार, तिसरी मैत्रीण घरूनच काम करणार. परतल्यावर शाळांमधून आणि वाचनालयांमधून या प्रदेशाच्या बाजूने बोलायचं आहे, म्हणून तयारी आतापासूनच हवी. प्रश्न असे:

१. कपडे, बूट, सॅक किती आणि कसं साफ करायचं? जहाज कंपनीच्या पत्रकात ‘सामान स्वच्छ असावे’ एवढंच लिहिलं आहे.
२. तिथे शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडेल असं सामान्य माणसाला काय टिपता येतं? आणि न जाणाऱ्या मैत्रिणीला?
३. बोलताना कोणत्या चुका हमखास होतात?
४. मुळात जावं का?

भारावलेली वर्णनं भरपूर वाचून झाली आहेत. नेमकं सांगाल तर बरं.

खारवा

पहिल्याचं उत्तर देतो, कारण ते काम घरीच उरकायचं असतं.

आधी धोका कशाचा ते बघा. अंटार्क्टिकात मूळच्या फुलझाडांच्या जाती फक्त दोन, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी पर्लवर्ट. २००७-०८ च्या हंगामात तिथे जाणाऱ्यांचे कपडे, बूट, पिशव्या झाडून बिया मोजल्या गेल्या. ज्यांच्याकडे बिया निघाल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास थंडीत तग धरणाऱ्या जातींच्या होत्या. हे नुसतं कागदावरचं भय नाही. ‘पोआ ॲन्युआ’ हे जगभर पायाखाली येणारं साधं गवत द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर रुजलेलं आहे आणि ते उपटून काढायला माणसं लावावी लागली.

आता क्रम. हा उलटा केला की मेहनत वाया जाते.

आधी कोरडं, मग ओलं. कपडा थेट धुतला तर बी शिवणीत भिजून चिकटतं. म्हणून खिसे उलटे करा, चेनच्या कडा उघडा, पॅंटच्या तळाची दुमड सोडा आणि व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड लावून सगळं ओढून घ्या. क्लीनरची पिशवी सुरू करण्याआधी बदला आणि संपल्यावर तोंड बांधून कचऱ्यात टाका. मग वेल्क्रो. त्याच्या आकड्यांच्या बाजूत बिया अशा अडकतात की मशीनने निघत नाहीत. चांगल्या उजेडात चिमटा आणि जाड सुई घेऊन एकेक पट्टी बघावी लागते. एका जॅकेटला अर्धा तास धरा. त्यानंतर धुणं.

बुटांचे आतले तळवे आणि नाड्या काढा. जिभेच्या दोन्ही बाजूंची घडी सगळे विसरतात. तळाच्या खाचा टोकदार काडीने कोरा, साबणाच्या पाण्याने ब्रश मारा आणि पूर्ण वाळवा. किनाऱ्यावर उतरायला बहुतेक जहाजं गमबूट देतात. देत असतील तर तेच घाला, स्वतःचे खोल खाचांचे बूट बाहेर काढूच नका.

जहाजावर चढण्या-उतरण्याच्या जागी जंतुनाशकाचा ट्रे असतो. त्यात बहुधा व्हर्कॉन असतं, १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम. चिखल किंवा पेंग्विनची विष्ठा लागलेला बूट त्यात नुसता बुडवून काही होत नाही. सेंद्रिय घाण त्या औषधाची ताकद स्वतःच खाऊन टाकते. आधी ब्रशने घोट्याच्या वरपर्यंत घासायचं, मग ट्रेत पाय. द्रावणाचा गुलाबी रंग फिका पडला असेल तर ते बदलायला सांगा, त्यात संकोच नको.

शेवटी, साफ केलेलं सामान बंद पिशवीत भरा आणि ती पिशवी प्रवासात गवतावर ठेवू नका. हसू येईल, पण सगळी मेहनत बहुतेक वेळा इथेच पाण्यात जाते.

पागोळी

धन्यवाद, छापून कपाटावर लावते. दोन शंका. माझं जुनं फ्लीसचं जॅकेट फार उबदार आहे, ते चालेल का? आणि ट्रायपॉड न्यावा की नाही?

खारवा

फ्लीस आत घाला, वरून गुळगुळीत जलरोधक जॅकेट. केसाळ कापड बाहेर असलं की ते बिया गोळा करत फिरतं. लोकरी टोपी आणि हातमोज्यांचंही तेच, पण ती निदान झटकून बघता येतात.

ट्रायपॉड घरी ठेवा. कारण नुसत्या बिया नाहीत. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर त्याची खात्री झाली. तेव्हापासून प्राण्यांच्या आसपास जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, सॅक खाली ठेवणं, सगळं बंद आहे. जमिनीला लागतात ते फक्त बुटांचे तळ, अशी कल्पना करा. ट्रायपॉडचे तीन पाय म्हणजे घासायला आणखी तीन बूट. चालायला काठी लागत असेल तर न्या, पण टोकाजवळची गोल चकती काढता येईल अशी घ्या आणि दर फेरीनंतर ती वेगळी करून घासा.

दक्षिण जॉर्जियाची तपासणी जास्त कडक असते. तिथले अधिकारी उतरण्याआधी प्रवाशांचे बूट आणि कपडे तपासतात. त्यांना कारण आहे. त्या बेटावर शिकारी जहाजांबरोबर आलेले उंदीर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून संपवले गेले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. जगात फक्त तिथेच असलेला पिपिट पक्षी त्यामुळेच पुन्हा पसरतो आहे.

दक्षिणायन

चौथ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, मी लावतो.

२०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २२ हजार पर्यटक तिथे गेले, त्यातले एक तृतीयांशाहून अधिक जहाजातूनच बघून परतले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की जहाजांच्या आणि इतर काजळीने बर्फ काळवंडतो आणि एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ जादा वितळतो. ‘परत येऊन लोक या प्रदेशाचे राजदूत होतात’ हे वाक्य जाहिरातीत शोभून दिसतं, पण त्याने हा हिशोब पुसला जात नाही. जायचं तर तो आकडा स्वतःच्या व्याख्यानात पहिल्या पाच मिनिटांत सांगा. श्रोत्यांतून तोच प्रश्न आला आणि तुम्ही चाचरलात तर पुढचं सगळं फुकट.

जायचं ठरलंच असेल तर जहाज निवडताना प्रवासीसंख्या बघा. पर्यटन कंपन्यांची संघटना १९९१ पासून आहे, तिचं नाव आयएटो. तिचे सदस्य ५०० हून जास्त प्रवाशांच्या जहाजातून कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत आणि एका जागी एका वेळी १०० जणच असू शकतात. म्हणजे २०० प्रवाशांच्या जहाजावर निम्मा वेळ तुम्ही पाळीची वाट बघणार. १०० किंवा कमी प्रवाशांचं जहाज महाग पडतं, पण उतरणं घाईचं होत नाही, आणि नियम घाईतच मोडले जातात.

शेपटीवाला

दुसरा प्रश्न, आधी जाणाऱ्यांसाठी.

सगळ्यात उपयोगी म्हणजे हंपबॅक देवमाशाच्या शेपटीचा फोटो. शेपटीच्या खालच्या बाजूचा काळा-पांढरा नमुना आणि मागच्या कडेची दातेरी रेघ प्रत्येकाची वेगळी असते. ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर फोटो चढवला की जुन्या नोंदींशी ताडून तो प्राणी ओळखला जातो आणि पुढे तो कुठे दिसला तेही तुम्हाला कळवतात. अंटार्क्टिक उन्हाळ्यात क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) खाणारा देवमासा विषुववृत्ताकडच्या कोणत्या पाण्यात पिल्लं घालतो हे अशाच जोड्यांवरून कळतं.

चुका कुठे होतात ते लिहितो:

– शटर मंद. १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो ओळखता येतो, हललेला नाही.
– चुकीचा क्षण. पाठ उंच कमानीसारखी वाकली की तो खोल बुडी मारणार आणि शेपटी वर येणार. नुसता फवारा दिसल्यावर बटण दाबत राहू नका. प्राण्याच्या मागच्या बाजूला असाल तरच खालचा नमुना दिसतो.
– घड्याळ. कॅमेऱ्याची वेळ निघताना जागतिक प्रमाणवेळेवर लावा आणि मध्येच बदलू नका. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर रोज सकाळी फोनच्या जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढा. त्यात वेळेची चूक आणि जागा दोन्ही पकडली जाते. जागा-वेळ नसलेला सुंदर फोटो भिंतीवर लावायचा, संशोधनाला त्याचा उपयोग नाही.
– बोटवाल्याला ‘अजून जवळ’ म्हणू नका. २०० मिलिमीटरच्या लेन्सने काम भागतं.

जहाजावर फायटोप्लॅंक्टनचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे, नमुने घेणारा ‘फ्योर्डफायटो’ हा उपक्रम असेल तर नाव द्या. कामाचा सुटसुटीत भाग म्हणजे पाणी गाळणं आणि क्षारता, तापमान लिहिणं. प्रत्येक जहाजावर तो नसतो, आरक्षणाआधी विचारा.

किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पेंग्विन रोज त्याच वाटेने ये-जा करतात, बर्फात त्यांच्या पायवाटा खणल्यासारख्या दिसतात. त्या ओलांडायच्या, त्यांवरून चालायचं नाही. आणि मऊ बर्फात तुमचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर तो खड्डा बुजवून पुढे जा. त्यात पडलेला पेंग्विन बाहेर येऊ शकत नाही. पेंग्विनपासून पाच मीटरचं अंतर ठाऊक असेलच. फर सीलपासून पंधरा. पेंग्विन स्वतः चालत जवळ आला तर तुम्ही स्तब्ध राहा, वाट त्याची.

चष्मेबद्दूर

मैत्रिणीसाठी. ‘झूनिव्हर्स’ या लोकसहभागातून संशोधन करणाऱ्या संकेतस्थळावर ‘पेंग्विन वॉच’ आहे, २०१४ पासून. वसाहतींवर रोखलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचे फोटो येतात. मोठे पक्षी, पिल्लं आणि अंडी यांवर टिचकी मारायची. एकच फोटो अनेकांकडे जातो, त्यामुळे एखादी चूक खपते. पण अर्धवट दिसणारा पक्षी ‘असेल-नसेल’ म्हणून सगळेच सोडतात आणि मग आकडा एकाच बाजूला झुकतो. डोकं दिसलं तर मोजा.

दुसरं, उपग्रहचित्रं स्वतः बघायला शिकावं. ‘कोपर्निकस ब्राउझर’ फुकट आहे. त्यात सेंटिनेल-२ हा उपग्रह निवडा, ढगांची मर्यादा २० टक्के ठेवा, महिने ऑक्टोबर ते डिसेंबर. हिवाळ्यात उजेडच नसतो, तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ लागतो. एका पिक्सेलला जमीन १० मीटर, त्यामुळे पेंग्विन दिसणार नाही, पण एम्परर पेंग्विनच्या वसाहतीखालचा बर्फ विष्ठेने तपकिरी होतो आणि तो डाग दिसतो. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रातल्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी समुद्रावरचा बर्फ पिल्लांना जलरोधक पिसं फुटायच्या आत तुटला आणि त्या वर्षीची पिल्लं गेली. हे असेच डाग नाहीसे होताना पाहून कळलं. व्याख्यानात दोन तारखांची दोन चित्रं शेजारी ठेवली तर गोंडस पिल्लाच्या फोटोपेक्षा जास्त बोलतात. फक्त दोन्ही चित्रांचे रंग आणि प्रमाण एकच ठेवा, नाहीतर फरक बर्फाचा की रंगसंगतीचा हे कुणालाच कळणार नाही.

हिमांक

तिसरा प्रश्न. व्याख्यानांत ऐकू येणाऱ्या चुका, ज्या क्रमाने आठवतात त्या क्रमाने.

‘ध्रुवावरचा बर्फ वितळला की समुद्र वाढतो.’ कोणता बर्फ? समुद्रावर गोठलेला वितळला तर पातळी जवळजवळ हलत नाही, तो आधीच तरंगतो आहे. जमिनीवरचा वेगळा. अंटार्क्टिकावरचा सगळा गेला तर सुमारे ५८ मीटर, ग्रीनलंडवरचा गेला तर सुमारे ७. हे आकडे ‘सगळा’ बर्फ धरून आहेत. या शतकात तसं होणार आहे असा सूर लावू नका. समुद्रावरचा बर्फ म्हणून बिनमहत्त्वाचा ठरत नाही. तो ऊन परतवतो आणि क्रिलची पिल्लं त्याच्या खालच्या शेवाळावर हिवाळा काढतात.

‘अंटार्क्टिकाचा समुद्रबर्फ तर वाढतोय.’ २०१४ पर्यंत थोडा वाढत होता हे खरं, ते नाकारू नका. त्यानंतर तो कोसळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये किमान विस्तार १७.९ लाख चौरस किलोमीटर झाला, उपग्रहाच्या नोंदींतला सर्वांत कमी. समोरचा जुना आलेख घेऊन आला तर त्याच्या शेवटच्या वर्षावर बोट ठेवा, वाद तिथेच मिटतो.

ओझोनचं भोक आणि तापमानवाढ एकच समजणं. भोकाचा शोध ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या मोजणीतून लावला, १९८५ मध्ये. त्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि तो लागू पडला. तापमानवाढ वेगळी. उदाहरण म्हणून मात्र हे उत्तम: मोजलं, ठरवलं, सुधारलं.

आणि सगळ्यात लाडकी चूक, ‘अंटार्क्टिक करार २०४८ ला संपणार’. काहीही संपत नाही. अंटार्क्टिक करार १९५९ चा, त्याला मुदतच नाही. खाणकामाला बंदी घालणारा त्याचा पूरक करार, माद्रिद प्रोटोकॉल, १९९१ मध्ये झाला, १९९८ मध्ये लागू झाला. त्यात एवढंच आहे, की लागू झाल्यापासून पन्नास वर्षांनी सल्लागार देशांपैकी (करारात मताचा अधिकार असलेल्यांपैकी) कुणीही फेरविचाराची परिषद मागू शकतो. मागितली तरी बदलाला १९९१ च्या २६ सल्लागार देशांपैकी तीन चतुर्थांश लागतात, आणि खनिजांसाठी बंधनकारक पर्यायी व्यवस्था आधी उभी असल्याशिवाय बंदी उठत नाही. ‘संपणार’ म्हणत राहिलो तर तसं व्हावं असं वाटणाऱ्यांचंच काम आपण करतो.

क्रिलमोज्या

हिमांक यांच्याशी सहमत, पण अशा चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. खाणकाम आज होत नाही. मासेमारी आज होते.

तिथल्या समुद्राचा निर्णय एक आयोग घेतो, सीसीएएमएलआर, ऑस्ट्रेलियात होबार्टला. १९८२ पासून. निर्णय एकमताने, म्हणजे एक देश आडवा आला की थांबलं. रॉस समुद्राचं १५.५ लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झालं, पण पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्पाचे प्रस्ताव वर्षानुवर्षं अडकले आहेत, मुख्यतः रशिया आणि चीनच्या विरोधामुळे.

क्रिलचं गणित नीट समजून घ्या. द्वीपकल्प, दक्षिण ऑर्कनी, दक्षिण जॉर्जिया यांच्या पट्ट्याला वर्षाची मर्यादा ६ लाख २० हजार टन. ती उपक्षेत्रांत वाटलेली होती. द्वीपकल्पाजवळ कमाल १ लाख ५५ हजार टन. या वाटणीचा नियम २०२४ च्या बैठकीत पुढे चालू ठेवण्यावर एकमत झालं नाही आणि तो गळून पडला. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, पट्ट्याची पूर्ण मर्यादा प्रथमच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. ‘एकूण क्रिल भरपूर आहे, हे पकडतात ते किरकोळ’ असा युक्तिवाद तुम्हाला ऐकवला जाईल. एकूण भरपूर आहे, मान्य. प्रश्न जागेचा आहे. पिल्लं वाढवणारा पेंग्विन वसाहतीपासून ठरावीक अंतरापलीकडे जाऊ शकत नाही, आणि जहाजं क्रिलचा थवा दाट असेल तिथेच, म्हणजे बऱ्याचदा त्याच्याच ताटात जाळं घालतात.

उमियाक

एवढंच जोडते. बोलताना उत्तर आणि दक्षिण एका दमात ‘निर्जन बर्फाळ प्रदेश’ म्हणू नका. आर्क्टिकमध्ये सुमारे ४० लाख माणसं राहतात. सीलच्या पिल्लांच्या कातड्याविरुद्धची मोहीम आर्क्टिकच्या दक्षिणेकडच्या शहरांत गाजली आणि १९८३ मध्ये युरोपने त्या आयातीवर बंदी घातली. इन्युइटांच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या, शिकारीला त्यात सूट होती, पण बाजारच बसला आणि पिल्लं न मारणाऱ्या वस्त्यांचंही उत्पन्न गेलं. भलं करायला निघालेल्या माणसाने हे उदाहरण खिशात ठेवावं. आर्क्टिकच्या बाजूने काही मागणार असाल तर तिथल्या लोकांच्या संघटना काय मागत आहेत ते आधी बघा. आर्क्टिक देशांच्या आर्क्टिक कौन्सिलमध्ये अशा सहा संघटना कायम सहभागी आहेत, त्यांची निवेदनं उघड असतात.

पागोळी

खूपच मिळालं. क्रिलमोज्या, आयोगापर्यंत आपल्यासारख्यांचं म्हणणं पोचतं तरी कसं? थेट होबार्टला लिहायचं का?

क्रिलमोज्या

होबार्टला लिहून उपयोग नाही, तिथलं सचिवालय मत देत नाही. मत सदस्य देश देतात आणि भारत सदस्य आहे. पत्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला. वार्षिक बैठक ऑक्टोबरात असते, देशाची भूमिका त्याआधी ठरते, म्हणून पत्र जुलै-ऑगस्टपर्यंत पोचायला हवं. सप्टेंबर अखेरीस पाठवलेलं पत्र फाइलला लागतं, एवढंच.

एक पान, मागण्या दोनच. पहिली, क्रिलची मर्यादा पुन्हा उपक्षेत्रांत वाटून द्यायला भारताने पाठिंबा द्यावा. दुसरी, २०२१ मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या संरक्षित क्षेत्रांना जाहीर पाठिंबा दिला होता, तो कायम ठेवून द्वीपकल्पाच्या प्रस्तावालाही द्यावा. आधीच घेतलेल्या भूमिकेची आठवण करून देणारं पत्र अधिकाऱ्याला पुढे सरकवायला सोपं जातं. पेंग्विनचा फोटो जोडू नका. शंभर जणांच्या सह्यांचं एकच पत्र करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रं बरी, कारण छापील मजकूर एकत्र मोजून एकच उत्तर दिलं जातं. शेवटी एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर देणं भाग पडेल: ‘येत्या बैठकीत या दोन मुद्द्यांवर भारताची भूमिका काय असेल?’ उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न तुमच्या खासदारांमार्फत संसदेत विचारता येतो. अधिवेशनाच्या तारखा बघून त्यांना कळवा.